औषधी वनस्पतींमधील जड धातूंचे मापन

औषधी वनस्पतींमधील जड धातूंचे मापन म्हणजे औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या मुळ्या, साली, पाने, फळे व बिया यांत शिसे, कॅडमिअम, अर्सेनिक आणि पारा यांसारखी विषारी मूलद्रव्ये किती प्रमाणात आहेत, हे ठरविण्याची रासायनिक विश्लेषणाची प्रक्रिया होय. ही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असली तरी शरीरात साठून राहतात. त्यामुळे वनौषधी दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने हे मापन महत्त्वाचे ठरते. वनस्पतीतील धातूंचे प्रमाण तिच्या जातीइतकेच ती वाढलेल्या जमिनीवर, पाण्यावर व हवेवर अवलंबून असते. म्हणून खाणी, कोळसा व औष्णिक वीजनिर्मिती यांनी वेढलेल्या नागपूर जिल्ह्यातील कन्हानसारख्या परिसराचा विचार या विषयात उद्बोधक ठरतो.

## संज्ञा आणि एकके

‘जड धातू’ ही संज्ञा रूढ असली तरी तिची काटेकोर व्याख्या नाही. सामान्यतः पाण्याच्या सुमारे पाचपट किंवा त्याहून अधिक घनता असलेल्या धातूंना ती लावली जाते. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, पाऱ्याची १३.५३ ग्रॅम आणि कॅडमिअमची ८.६५ ग्रॅम असते. सोमलातील मूलद्रव्य असलेले अर्सेनिक हे खरे पाहता धातुसदृश मूलद्रव्य आहे. परंतु विषारीपणामुळे त्याची गणना याच गटात होते. लोह, जस्त, तांबे व मँगॅनीज हे धातूही जड असले तरी ते अल्प प्रमाणात सजीवांना आवश्यक असतात. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघाच्या २००२ मधील एका तांत्रिक अहवालात ‘जड धातू’ ही संज्ञा शास्त्रीयदृष्ट्या दिशाभूल करणारी असल्याचे मत मांडले गेले. औषधकोशांत अलीकडे ‘मूलद्रव्यीय अशुद्धी’ असा शब्दप्रयोग वाढला आहे.

धातूचे प्रमाण दर किलोग्रॅम वनस्पतीमागे मिलिग्रॅम या एककात सांगतात. हेच प्रमाण ‘दशलक्ष भागांत एक भाग’ किंवा पीपीएम म्हणूनही लिहिले जाते. १० पीपीएम शिसे म्हणजे एक किलोग्रॅम चूर्णात १० मिलिग्रॅम, किंवा एक ग्रॅम चूर्णात १० मायक्रोग्रॅम शिसे होय.

## वनस्पतीत धातू येण्याचे मार्ग

वनस्पतीत धातू मुख्यतः चार मार्गांनी येतात.

* मुळांवाटे शोषण: कॅडमिअम हे जस्त व कॅल्शिअम यांच्या वहनमार्गांचा आधार घेऊन मुळांतून पानांपर्यंत सहज पोहोचते. जमीन आम्लधर्मी असल्यास त्याचे शोषण वाढते. अर्सेनिकचे अर्सेनेट हे रूप फॉस्फेटसारखे असल्याने वनस्पती ते फॉस्फेटच्याच वाटेने आत घेते. शिसे बहुधा मुळांतच अडकून राहते.
* हवेतील धूळ व वायू: रस्त्यालगतच्या व कारखान्यांजवळच्या झाडांच्या पानांवर शिसेयुक्त धूळ साचते. लवदार व खरखरीत पानांवर ती अधिक टिकते. बाष्परूपातील पारा पानांत प्रामुख्याने हवेतून येतो.
* पाणी व गाळ: नदीकाठी, नाल्यात किंवा पाणथळ जागी वाढणारे नागरमोथा, माका, ब्राह्मी व वेखंड यांचा गाळाशी सतत संबंध येतो. वरच्या बाजूने वाहत आलेले धातू त्यांच्यापर्यंत पोहोचतात.
* काढणीनंतरची हाताळणी: उघड्यावर वाळवणे, गंजलेल्या किंवा शिशाचा जोड दिलेल्या भांड्यांचा वापर, दळणयंत्राची झीज आणि रंगाची भेसळ यांमुळेही धातू मिसळतात. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी केली जाणारी लेड क्रोमेटची भेसळ हे याचे परिचित उदाहरण आहे.

वनस्पतीचा कोणता भाग वापरला जातो यावरही प्रमाण बदलते. त्याच झाडाचे मूळ, पान आणि फळ यांतील शिशाचे आकडे परस्परांपासून बरेच दूर असू शकतात. मूळ किंवा कंद वापरल्या जाणाऱ्या शतावरी, सफेद मुसळी, पुनर्नवा यांसारख्या वनस्पतींना चिकटून राहिलेली माती हेच अनेकदा वाढीव आकड्याचे कारण असते.

औषधी कोठून घ्यावी याचा विचार भारतीय परंपरेत जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधिग्रहणास योग्य भूमीची लक्षणे सांगितली असून खाचखळगे, वारुळे, स्मशान व वधस्थान यांनी दूषित झालेली जागा वर्ज्य मानली आहे. आधुनिक मापन हाच प्रश्न आकड्यांच्या भाषेत विचारते.

## कन्हान परिसर

कन्हान हे नागपूर जिल्ह्याच्या पारशिवनी तालुक्यातील, नागपूरच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरवर कन्हान नदीकाठी वसलेले शहर आहे. नदीच्या पलीकडे कामठी आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून येणाऱ्या कन्हान नदीला कामठीजवळ पेंच व कोलार या नद्या मिळतात. पुढे ती वैनगंगेस मिळते. नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा एक भाग याच नदीवर अवलंबून आहे.

धातूंच्या दृष्टीने या भागात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे भूस्तर. रामटेक तालुक्यातील मनसरपासून भंडारा जिल्ह्यापर्यंत पसरलेल्या सौसर गटाच्या खडकांत मँगॅनीजचे मोठे साठे असून विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे खाणकाम चालत आले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे कोळसा. कामठी कोळसाक्षेत्रातील खाणी कन्हानच्या आसपास आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रे. कोळसा जळाल्यावर त्यातील अर्सेनिक, शिसे, क्रोमिअम, सेलेनिअम इत्यादी मूलद्रव्ये राखेत एकवटतात, तर पाऱ्याचा मोठा अंश वायुरूपात धुराड्यातून बाहेर जातो. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या काळात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, नाल्यांत व पुढे कोलार आणि कन्हान नद्यांच्या प्रवाहात गेले.

यावरून या परिसरातील प्रत्येक वनौषधी दूषित आहे असा निष्कर्ष निघत नाही. नागपूर जिल्ह्याच्या मोठ्या भागातील काळी जमीन चिकणमातीयुक्त व किंचित अल्कधर्मी आहे. अशा जमिनीत कॅडमिअम व शिसे मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहतात आणि मुळांना कमी उपलब्ध होतात. नदीकाठच्या पोयट्याच्या व वालुकामय जमिनीत ही पकड सैल असते. त्यामुळे काही किलोमीटरच्या अंतरात एकाच वनस्पतीचे आकडे वेगवेगळे येणे शक्य असते. प्रदेशावरून अंदाज बांधण्याऐवजी प्रत्यक्ष मापन करण्याची गरज येथेच स्पष्ट होते.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. भारतीय नियमांत वनौषधींसाठी शिसे, कॅडमिअम, अर्सेनिक व पारा या चारच मूलद्रव्यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. मँगॅनीज व क्रोमिअम त्यांत नाहीत. या पट्ट्यातील वनस्पतींची केवळ नेहमीची चाचणी केल्यास स्थानिक भूस्तराचा आणि राखेचा पूर्ण ठसा तीत दिसत नाही.

अशा अभ्यासास उपयुक्त संस्था नागपुरात आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेली व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या नावाने ओळखली जाणारी संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था, भारतीय खाण ब्युरो आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग या त्यांपैकी काही होत.

## नियमांची पार्श्वभूमी

हा प्रश्न जागतिक चर्चेत येण्यास अमेरिकेतील दोन पाहण्या कारणीभूत ठरल्या. डिसेंबर २००४ मध्ये रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक आढळले. २००८ मधील दुसऱ्या पाहणीत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांपैकी २०.७ टक्के उत्पादनांत हे धातू सापडले. रसशास्त्रीय औषधांत हे प्रमाण ४०.६ टक्के, तर इतर औषधांत १७.१ टक्के होते. ज्या औषधांत धातू मुळीच घातलेले नसतात, त्यांतही ते सापडू शकतात हा या आकड्यांचा महत्त्वाचा अर्थ होय.

भारतात आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांचे नियमन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार होते. निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची निर्यात करताना चारही धातूंची चाचणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची करण्यात आली. महाराष्ट्रात परवाने देणे व नमुने तपासणे ही कामे राज्याचे अन्न व औषध प्रशासन पाहते.

## कमाल मर्यादा

पुढील आकडे दर किलोग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये आहेत. ज्या ठिकाणी सर्वसाधारण मर्यादा दिलेली नाही, तेथे आडवी रेघ आहे.

| मूलद्रव्य | भारत (आयुर्वेदिक औषधकोश) | जागतिक आरोग्य संघटना | युरोपीय औषधकोश | अमेरिकी औषधकोश |
|---|---|---|---|---|
| शिसे | १० | १० | ५ | ५ |
| कॅडमिअम | ०.३ | ०.३ | १ | ०.५ |
| अर्सेनिक | ३ | — | — | २ |
| पारा | १ | — | ०.१ | १ |

मर्यादांतील हा फरक पाहता, एका देशात उत्तीर्ण झालेला माल दुसऱ्या देशात नाकारला जाऊ शकतो. भारतीय मर्यादेत बसणारे ८ पीपीएम शिसे युरोपात चालत नाही. उलट युरोपात चालणारे ०.८ पीपीएम कॅडमिअम भारतात चालत नाही.

## मापनाची पद्धत

### नमुना घेणे

उपकरण कितीही अचूक असले तरी चुकीच्या नमुन्यावरून आलेला आकडा निरुपयोगी असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार पाचपर्यंत पोती असल्यास प्रत्येकातून, ६ ते ५० पोती असल्यास पाच पोत्यांतून आणि ५० पेक्षा अधिक असल्यास १० टक्के पोत्यांतून नमुना घेतात. पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून घेतलेले भाग एकत्र करतात. त्या ढिगाचे चार समान भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून देतात व उरलेले पुन्हा मिसळतात. लहान पण प्रातिनिधिक नमुना मिळेपर्यंत ही कृती चालू ठेवतात.

शेतातून किंवा रानातून नमुना घेताना ठिकाण, तारीख, वनस्पतीचा भाग, जवळचा रस्ता, नाला वा खाण यांची नोंद आवश्यक असते. मुळाभोवतालची माती सोबत घेतल्यास वनस्पतीने जमिनीतून किती धातू उचलला याचे गुणोत्तर काढता येते. कन्हानसारख्या परिसरात नदीकाठ, राखेच्या बंधाऱ्याची दिशा, वाऱ्याची दिशा आणि दूरचे निर्दोष ठिकाण असे वेगवेगळे नमुने घेतल्यासच तुलना अर्थपूर्ण होते.

### धुणे, वाळवणे व दळणे

नमुन्याचा एक भाग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन आणि दुसरा न धुता तपासला, तर पानावरची धूळ व पानातील धातू वेगळे ओळखता येतात. पारा उष्णतेने उडून जातो, म्हणून नमुना कमी तापमानाला वाळवतात. पोलादी यंत्रात दळल्यास क्रोमिअम व निकेल मिसळण्याचा संभव असतो. त्यामुळे अगेटचा किंवा चिनी मातीचा खल वापरणे श्रेयस्कर ठरते.

### आम्लाने विघटन

वनस्पतीतील सेंद्रिय भाग नष्ट करून धातू द्रावणात आणणे हा पुढचा टप्पा आहे. सामान्यतः अर्धा ग्रॅम चूर्ण, काही मिलिलिटर अतिशुद्ध नायट्रिक आम्ल व थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड बंद भांड्यात घालून मायक्रोवेव्ह भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. भांडे बंद असल्याने पारा व अर्सेनिक उडून जात नाहीत. उघड्या मुशीत जाळून राख करण्याच्या जुन्या पद्धतीत पारा जवळजवळ पूर्ण नष्ट होतो. थंड झालेले द्रावण शुद्ध पाण्याने ठरावीक आकारमानापर्यंत विरल करतात.

### उपकरणे

* रंगतुलनेची चाचणी: धातूंचे सल्फाइड तयार करून त्याचा तपकिरी रंग शिशाच्या प्रमाण द्रावणाशी ताडून पाहणे ही जुनी पद्धत होती. कोणता धातू किती आहे हे तिने कळत नाही. अमेरिकी औषधकोशाने १ जानेवारी २०१८ पासून ती वगळली.
* अणुशोषण वर्णपटमिती: अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मूलद्रव्याचे मुक्त अणू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतात हे मोजतात. शिशासाठी २८३.३, कॅडमिअमसाठी २२८.८ आणि अर्सेनिकसाठी १९३.७ नॅनोमीटरची तरंगलांबी वापरतात. कमी प्रमाणासाठी ज्योतीऐवजी ग्रॅफाइट भट्टी वापरली जाते.
* शीतबाष्प व हायड्राइड तंत्र: स्टॅनस क्लोराइडने पाऱ्याचे क्षपण करून त्याची वाफ २५३.७ नॅनोमीटरवर मोजतात. अर्सेनिकचे सोडिअम बोरोहायड्राइडच्या साहाय्याने वायुरूप हायड्राइड करतात.
* आयसीपी-एमएस: या यंत्रात आर्गॉन वायूच्या अतितप्त प्लाझ्मामध्ये नमुन्याचे आयन बनवून ते वस्तुमानानुसार वेगळे केले जातात. चारही धातू एकाच वेळी व अत्यल्प प्रमाणात मोजता येत असल्याने ही पद्धत आज सर्वांत उपयुक्त मानली जाते. मात्र क्लोरीन असल्यास आर्गॉन व क्लोरीन यांचा संयुक्त आयन अर्सेनिकच्या ७५ या वस्तुमानावरच येतो आणि आकडा फुगतो. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वापर शक्यतो टाळतात किंवा हीलियम वायूच्या कक्षातून आयन नेऊन हा अडथळा दूर करतात.
* क्ष-किरण प्रतिदीप्ती: आम्ल न वापरता चूर्णावर थेट क्ष-किरण टाकून प्राथमिक छाननी करता येते. कॅडमिअम व पारा यांच्या मर्यादेइतक्या अल्प प्रमाणासाठी मात्र ही पद्धत पुरेशी संवेदनक्षम नसते.

### आकडेमोड

समजा, ०.५ ग्रॅम चूर्णाचे विघटन करून द्रावण ५० मिलिलिटर केले. यंत्राने शिशाचे वाचन दर लिटरला ४२ मायक्रोग्रॅम दाखविले आणि वनस्पतीविना केलेल्या कोऱ्या द्रावणाचे वाचन २ मायक्रोग्रॅम आले. खरे वाचन ४० मायक्रोग्रॅम ठरते. ५० मिलिलिटर द्रावणात २ मायक्रोग्रॅम शिसे झाले व ते ०.५ ग्रॅममधून आले; म्हणजे प्रमाण ४ पीपीएम होय. चूर्णात ८ टक्के ओलावा असल्यास कोरड्या वजनावर हेच प्रमाण सुमारे ४.३५ पीपीएम होते. अहवालात आकडा कोणत्या वजनावर काढला आहे हे नमूद नसल्यास तुलना फसते.

### विश्वासार्हता

प्रत्येक गटाबरोबर कोरे द्रावण, दुहेरी नमुना व ज्ञात प्रमाणात धातू मिसळलेला नमुना तपासतात. मिसळलेल्या धातूपैकी साधारण ८० ते १२० टक्के परत मिळाल्यास पद्धत समाधानकारक समजतात. सफरचंदाची व पीचची पाने यांपासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तयार केलेली प्रमाणित संदर्भद्रव्ये पडताळणीसाठी वापरली जातात. कोऱ्या द्रावणाच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट ही शोधमर्यादा व दहापट ही मापनमर्यादा धरतात. अहवालातील ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘शून्य’ असा नसून ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ एवढाच असतो. भारतात आयएसओ १७०२५ या मानकानुसार प्रयोगशाळांना एनएबीएल ही संस्था मान्यता देते.

## मात्रा आणि धोका

पीपीएम हा आकडा मालाची प्रत सांगतो. रुग्णाला होणारा धोका मात्र रोजच्या मात्रेवरून ठरतो. १० पीपीएम शिसे असलेले चूर्ण रोज ६ ग्रॅम घेतल्यास ६० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. शिशाची पूर्वी ठरविलेली सह्य साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे २५ मायक्रोग्रॅम होती. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ती दिवसाला सुमारे २१४ मायक्रोग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ती पुरेशी सुरक्षित नसल्याने मागे घेतली. शिशाची निर्धोक पातळी आता मानली जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये आहारातील शिशासाठी ठरविलेला संदर्भस्तर प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम व मुलांसाठी २.२ मायक्रोग्रॅम आहे. वरील उदाहरणातील ६० मायक्रोग्रॅम हे स्त्रियांच्या संदर्भस्तराच्या जवळजवळ सातपट होते.

कॅडमिअमचे गणित वेगळे दिसते. त्याच समितीची सह्य मासिक मर्यादा दर किलोग्रॅम वजनामागे २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोग्रॅमच्या व्यक्तीस दिवसाला सुमारे ५० मायक्रोग्रॅम आहे. ०.३ पीपीएमचे ६ ग्रॅम चूर्ण यातील केवळ १.८ मायक्रोग्रॅम पुरवते. म्हणजे भारतीय मर्यादा कॅडमिअमबाबत कडक, तर शिशाबाबत तुलनेने सैल ठरते. गर्भवती, स्तनदा माता व बालके यांच्या बाबतीत ‘मर्यादेच्या आत’ हा शेरा पुरेसा मानता येत नाही.

औषधाचे रूपही महत्त्वाचे असते. चूर्णातील सर्व धातू पोटात जातो. काढ्यात त्याचा काही अंशच पाण्यात उतरतो आणि उरलेला चोथ्यात राहतो. म्हणून काढ्याच्या वनस्पतीची चाचणी करताना मूळ द्रव्याबरोबर तयार काढाही तपासणे योग्य ठरते.

## भस्मे व रसौषधी

पारा, शिसे, सोमल इत्यादी द्रव्ये हेतुपुरस्सर वापरून केलेल्या भस्मांना व रसकल्पांना वरील मर्यादा लागू होत नाहीत. त्या मर्यादा निव्वळ वनस्पतिजन्य औषधांसाठी आहेत. विषारी द्रव्यांची यादी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) या अनुसूचीत दिलेली असून ती द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे आवश्यक असते. एखाद्या औषधात धातू आढळल्यास तो पाठानुसार घातलेला आहे की अशुद्धी म्हणून आलेला आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

## प्रतिबंध

मापनाने दोष कळतो. तो टाळण्याचे काम लागवड व संकलनाच्या वेळीच करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेची २००३ मधील चांगल्या लागवड व संकलन पद्धतींची मार्गदर्शक तत्त्वे आणि भारताच्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची तत्त्वे यांत माती व पाण्याची आधी तपासणी करणे, रस्ते, खाणी व सांडपाण्याचे नाले यांपासून दूर संकलन करणे, कंद स्वच्छ पाण्याने धुणे आणि जमिनीचा संपर्क टाळून वाळवणे यांवर भर आहे. वनौषधी बाजारात अनेक हातांतून जाते व वेगवेगळ्या गावांचा माल एकाच पोत्यात मिसळतो. संकलनस्थळाची नोंद पोत्याबरोबर राहिली, तरच वाढीव आकड्याचे कारण त्या जागेपर्यंत जाऊन शोधता येते.

## हेही पाहा

* कन्हान नदी
* आयुर्वेदिक औषधकोश
* अणुशोषण वर्णपटमिती
* शिसे विषबाधा
* रसशास्त्र
* राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था